‘कुठलंही व्याकरण घ्या, झाड तेच’? नाही, तेच नाही

भाषा-तंत्रज्ञानात नव्याने येणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: वाक्याची रचना मांडण्याच्या चौकटी, म्हणजे फ्रेज-स्ट्रक्चर (शब्दांचे गट, म्हणजे वाक्यांश, बांधत जाणारी), डिपेंडन्सी (शब्दाला थेट शब्दाशी बाणाने जोडणारी) आणि टीएजी (छोटी झाडं एकमेकांत जोडणारी), ही एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत, एकातलं झाड, म्हणजे वाक्यरचनेची आकृती, दुसऱ्यात आपोआप बदलता येतं आणि मराठीसारख्या मोकळ्या शब्दक्रमाच्या भाषेला तर डिपेंडन्सीच पुरते. मला हा सल्ला घातक वाटतो. त्यावर विसंबून लोक महिनोन्‌महिने खपून ट्रीबँक, म्हणजे अशा झाडांसह नोंदलेल्या वाक्यांचा संग्रह, तयार करतात आणि शेवटी हवी ती माहिती त्यात नोंदलेलीच नसते.

‘हे तर गणिताने सिद्ध झालंय.’ गणितज्ञ गैफमनने १९६५ साली दाखवलं की त्याची डिपेंडन्सी व्याकरणं आणि कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणं (फ्रेज-स्ट्रक्चरचं नेहमीचं गणिती रूप) वाक्यांचे तेच संच निर्माण करतात. पण ही बरोबरी वाक्यांच्या संचांपुरती आहे. वाक्याची आतली रचनाही दर वेळी सारखीच निघते, असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय सगळ्या चौकटी तेवढ्याही सारख्या नाहीत. स्विस जर्मनमध्ये कर्म आणि क्रियापदांच्या जोड्या एकमेकींना छेदून जातात. त्या कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणाच्या आवाक्याबाहेर आहेत, हे संगणकीय भाषाशास्त्रज्ञ शीबरने १९८५ मध्ये सिद्ध केलं. अरविंद जोशींच्या ट्री-ॲडजॉइनिंग व्याकरणाला, म्हणजे टीएजीला, त्या जमतात. त्याची किंमतही आहे: नेहमीच्या पद्धतींमध्ये वाक्याची लांबी दुप्पट झाली, तर कॉन्टेक्स्ट-फ्री पार्सरचं (वाक्याचं झाड काढणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम फार तर ८ पट वाढतं, टीएजीचं ६४ पट.

‘झाडं आपोआप बदलता येतात.’ खरी मेख इथे आहे. ‘जुन्या वह्या आणि चिठ्ठ्या’ एवढेच चार शब्द घ्या. जुन्या फक्त वह्या, की चिठ्ठ्याही? फ्रेज-स्ट्रक्चरमध्ये याची दोन झाडं होतात: एकात ‘जुन्या वह्या’ हा गट आधी बांधला जातो, दुसऱ्यात ‘वह्या आणि चिठ्ठ्या’. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अनेक भाषांसाठीच्या सामाईक डिपेंडन्सी चौकटीच्या मूळ पद्धतीत मात्र जोडीतला पहिला शब्द मुख्य धरतात, त्यामुळे दोन्ही अर्थांमध्ये ‘जुन्या’चा बाण ‘वह्या’कडेच जातो. झाड एकच. आता त्यातून कोणता अर्थ होता ते परत काढून दाखवा! माहिती मुळात गेलेली आहे. कितीही हुशार स्क्रिप्ट लिहिली तरी ती झाडातून परत मिळणार नाही. ‘आणि’ला मुख्य धरणाऱ्या पद्धतीत दोन्ही अर्थ वेगळे दाखवता येतात. म्हणजे नुसतं ‘डिपेंडन्सी’ म्हणूनही भागत नाही. कोणती, तेही ठरवावं लागतं.

‘मराठीत शब्दक्रम मोकळा, मग वाक्यांश हवेत कशाला?’ ‘अमितने त्या मोठ्या टेबलाखाली वही ठेवली’ हे वाक्य हवं तसं फिरवून बघा. ‘त्या मोठ्या टेबलाखाली’ हा गट अखंड सरकतो, पण ‘त्या मोठ्या वही टेबलाखाली’ कोणीही म्हणणार नाही. मोकळीक गटांना आहे, गटाच्या आत नाही. पाणिनीच्या कारकांवर आधारलेल्या हिंदीच्या हैदराबाद ट्रीबँकेतही आधी शब्दांचे गट पाडतात आणि मग कारक-संबंध त्या गटांमध्ये दाखवतात. डिपेंडन्सीवाल्यांनीही वाक्यांश टाकून दिलेला नाही.