सुरतेतले खान्देशी नकाशावर दिसले पाहिजेत

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत गेलं की अहिराणी कानावर पडतेच. शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, पारोळा, नंदुरबारकडची घरंच्या घरं ताप्ती लाइनच्या (सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या) गाड्यांनी तिकडे गेली. लूमवर, डाइंग मिलमध्ये, साडी मार्केटात मिळेल ते काम केलं आणि तिथलीच झाली. लिंबायत आणि उधना ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात, तिथले खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यातच जन्मलेले.

पण कोणत्या वॉर्डात किती खान्देशी राहतात, दहा-वीस वर्षांत ते कुठून कुठे सरकले, हे दाखवणारा सरकारी नकाशा नाही. जनगणनेत मातृभाषा विचारतात, जन्मस्थळही विचारतात. तरी वॉर्डनिहाय आकडे मिळतात ते लोकसंख्या, साक्षरता, कामगार, अनुसूचित जाती-जमाती यांचे. मातृभाषेचे नाहीत. माहिती गोळा होते, फक्त कामाच्या पातळीवर बाहेर येत नाही, याचा मला राग आहे.

शिकागोत 1895 साली हल हाऊस या संस्थेतल्या कार्यकर्त्यांनी आसपासच्या वस्तीचे नकाशे छापले. इटालियन, पोलिश, बोहेमियन, रशियन ज्यू कुठे राहतात ते प्लॉटनिहाय रंगवलं, आणि सोबत घरोघरच्या मजुरीचा दुसरा नकाशा दिला. दोन्ही शेजारी ठेवले की कोणता समाज कुठल्या मजुरीत जगतोय ते दिसतं. ब्रिटनच्या जनगणनेत 1991 पासून वांशिक गटाचा प्रश्न आहे, म्हणून तिथे शहराचा बदल दर दशकाला ताडून पाहता येतो.

आपल्याला याचा उपयोग काय? सुरत महापालिका गुजरातीसोबत मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमाच्या शाळाही चालवते. मराठी शाळा कुठे वाढवायची आणि कुठली पोरं वर्गात बसून गप्प राहतात, हे वस्ती कळल्याशिवाय कसं ठरवणार?

नकाशाची भीती मात्र खरी आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत सरकारी संस्थेने मोहल्ल्यांना श्रेणी दिल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणं अवघड झालं. आपल्या धुळ्याने 2008 आणि 2013 च्या दंगली पाहिल्यात. कोण कुठे राहतो हे घरापर्यंत उघडं करणारा नकाशा मला नकोच. वॉर्डाची बेरीज द्या, घर दाखवू नका. आणि धर्म नको, भाषा आणि जन्मजिल्हा पुरे.

जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' या गटात मोजली जाते. 2001 मध्ये या गटात 20.75 लाख लोक होते, 2011 मध्ये 18.60 लाख. बोलणारे खरंच इतके घटले असतील असं मला वाटत नाही. घरात 'काय चालू शे' म्हणणारी माणसं मोजणीवाल्यासमोर 'मराठी' सांगून मोकळी होतात, हे आपल्या घराघरांत घडतं.

आता 2027 ची जनगणना आहे. सुरतेतल्या, धुळ्या-जळगावातल्या भाऊबहिणींनो, मातृभाषा विचारली की 'अहिराणी' सांगा आणि तेच नोंदवलं ना, ते विचारून घ्या. आणि खान्देशातल्या चारही खासदारांकडे एक मागणी पत्राने करू या: मातृभाषेचे तक्ते या वेळी वॉर्डनिहाय प्रसिद्ध करा. पत्राचा मसुदा मी लिहायला घेतलाय. सही करणाऱ्यांनी कमेंटमध्ये आपलं गाव लिहा, सुरतेत असाल तर वॉर्डही.