वॉलेसचे भुंगेरे आणि इंग्लंडमधली जमीन

वाद सुरू झाला तो एका आकड्यावरून. कीटकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने बोलण्याच्या ओघात सांगितले, की इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहात (म्हणजे आजच्या इंडोनेशिया-मलेशियाच्या बेटांवर) एकूण १,२५,६६० नमुने जमवले आणि त्यांतले ८३,२०० नुसते भुंगेरे होते. वकीलसाहेबांनी लगेच शंका काढली. "आठ वर्षे भुंगेऱ्यांना टाचण्या टोचणारा माणूस मायदेशी परतून जमीनदारी मोडायला निघतो, हे मला कधीच पटलेले नाही. किड्यांमुळे नाव झालेल्या माणसाने राजकारणात कशाला लुडबुड करावी?"

मैत्रीण म्हणाली, "साहेब, तुम्ही क्रम उलटा लावताय." वॉलेस मुळात जमिनीचा मोजणीदार होता. १८३७ पासून थोरल्या भावाच्या हाताखाली त्याने इंग्लंड-वेल्समध्ये साखळी ओढत शेते मोजली. गावाच्या सामाईक जमिनी तेव्हा कायद्याने कुंपणात घालून खाजगी मालकीच्या केल्या जात होत्या आणि त्या कामाचे नकाशे करणाऱ्यांत तोही होता. अशा व्यवहाराला काहीतरी न्याय्य आधार असणारच, असे त्या वयात त्याने गृहीत धरले. ती गरिबांची लूट होती, हे त्याने फार पुढे लिहिले. भुंगेऱ्यांचा नाद तर त्याला १८४४च्या सुमारास लेस्टरमध्ये हेन्री बेट्स या कीटकसंग्राहकाशी ओळख झाल्यावर लागला. म्हणजे जमीन आधी आणि भुंगेरे नंतर.

अण्णांना यात फारसा रस नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसा कोणाचा? वॉलेसला पगार नव्हता. लंडनमधला त्याचा दलाल सॅम्युएल स्टीव्हन्स नमुने हौशी संग्राहकांना आणि संग्रहालयांना विकत असे आणि त्यावर त्याची गुजराण चाले. १८५२ साली ॲमेझॉनहून परतताना जहाजाला भर समुद्रात आग लागून बरोबरचा सगळा संग्रह जळाला, तेव्हा स्टीव्हन्सने आधीच उतरवून ठेवलेला विमाच काय तो कामी आला. यावर अण्णांनी निकाल दिला, की ज्याचे पोट श्रीमंतांच्या हौसेवर चालते त्याने श्रीमंतांविरुद्ध बोलणे ही एक तर कृतघ्नता तरी असते किंवा धाडस तरी. दोहोंपैकी काय, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

मला विचाराल तर खरी अडचण दलालाची नाही. ती जंगलातच आहे. बोर्निओत वॉलेसला भुंगेरे सर्वांत जास्त कुठे मिळाले? सारावाकमधल्या सिमुनजन येथील कोळशाच्या खाणीवर. १४ मार्च १८५५ रोजी तो तिथे पोचला, तेव्हा आधीच्या चार महिन्यांत त्याच्याकडे भुंगेऱ्यांच्या ३२० जाती जमल्या होत्या; पंधरवडाही उलटला नाही तोच ती संख्या दुप्पट झाली. बोर्निओतून त्याने मिळवलेल्या सुमारे २,००० जातींपैकी शंभरेक सोडल्या तर बाकी सगळ्या याच जागी, जेमतेम एक चौरस मैलात सापडल्या. याचे कारण सोपे आहे. नदीपर्यंत रूळ टाकण्यासाठी चिनी आणि स्थानिक डायाक जमातीचे मजूर जंगल तोडत होते, लाकूड कापण्याचे खड्डे चालू होते, आणि नुकत्याच पडलेल्या झाडांच्या सालीवर व ओल्या भुश्यावर लांब मिशांचे भुंगेरे ऊन पडताच येऊन बसत, कारण त्यांच्या अळ्या अशाच मरणाऱ्या लाकडात वाढतात. शिवाय कोणीही किडा आणून दिला, की वॉलेस नगाला एक सेंट मोजत असे, त्यामुळे मजूरही त्याच्यासाठी डोळे उघडे ठेवून असत. त्याच्या विज्ञानाचा हा सर्वोत्तम हंगाम कुऱ्हाडीने आणि परक्याच्या मजुरीने पिकवलेला होता.

सारावाकवर राज्य होते जेम्स ब्रुक या इंग्रज राजाचे. चाचेगिरी मोडण्याच्या नावाखाली त्याने केलेल्या कत्तलींवरून लंडनच्या पार्लमेंटात गदारोळ झाला होता आणि १८५४ मध्ये सिंगापूरला चौकशी आयोगही बसला होता. वॉलेस या ब्रुकचा पाहुणा होता. काळ्या पंखांवर हिरव्याकंच टोकदार खुणा असलेल्या एका देखण्या फुलपाखराला त्याने ब्रुकचे नाव दिले. मैत्रीण म्हणाली, की नाव देणे ही त्या काळची रीत होती. अण्णा म्हणाले, "रीत होती, पण नाव कोणाचे द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते."

वकीलसाहेबांना सर्वांत झोंबले ते डोब्बोचे प्रकरण. १८५७ मध्ये अरू बेटांवरच्या या व्यापारी वस्तीत वॉलेसला निरनिराळ्या वंशांची सुमारे पाचशे माणसे दिसली; पोलीस नाहीत, न्यायालये नाहीत, वकील तर नाहीतच, आणि तरीही कोणी कोणाचा गळा कापत नव्हते. त्यावरून त्याने इंग्लंडला टोला हाणला, की आपल्याकडे दरसाल शंभर कायदे होतात आणि त्यांचा अर्थ सांगण्यात हजारो वकिलांचा जन्म जातो. डोब्बोत कायदा कमी असेल, तर इंग्लंडात तो जास्त असावा. "हंगाम संपला की घरी जाणाऱ्या व्यापाऱ्यांत भांडण होणार कशावरून?" वकीलसाहेब उसळून म्हणाले. "तिथे वाटून घ्यायला जमीनच नव्हती!" हा मुद्दा त्यांनी वॉलेसविरुद्ध मांडला होता, पण भांडणाचे मूळ जमिनीच्या मालकीत असते हेच त्यातून निघत असल्यामुळे तो वॉलेसच्याच बाजूने पडला, हे मैत्रिणीने हसत दाखवून दिले.

मात्र सुलावेसी बेटाच्या मिनाहासा भागाची गोष्ट निघाली, तेव्हा तिला उत्तर द्यायला वेळ लागला. १८५९ मध्ये वॉलेस तिथे गेला, तेव्हा डच सरकार गावकऱ्यांकडून कॉफी पिकवून घेत होते आणि ती आपणच ठरवलेल्या दराने विकत घेत होते. वॉलेसने नीटनेटकी पांढरी घरे आणि गुलाबांची कुंपणे पाहिली आणि या व्यवस्थेची भरभरून स्तुती केली; अप्रगत लोक आणि त्यांचे सुधारलेले राज्यकर्ते यांचे नाते मूल आणि पालक यांच्यासारखेच असते, असेही त्याने लिहिले. डच अधिकाऱ्यांनी दाखवलेला नीटनेटकेपणा त्याने तसाच स्वीकारला. भुंगेऱ्याच्या पंखावरचा ठिपका दहा वेळा तपासणारा माणूस इथे एकदाही मागे वळून पाहत नाही, हे मला खटकते. घरच्या जमिनीविषयी मात्र त्याची नजर कधीच अशी ढिली पडली नाही. १८६९ मध्ये आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनाच्या शेवटी तो इंग्रजी समाजाला सामाजिकदृष्ट्या रानटी ठरवतो आणि एका टिपेत बजावतो, की इंग्लंडमध्ये जमीनमालकाला आपली सगळी जमीन शिकारीचे रान करून तिथल्या प्रत्येक माणसाला हुसकावण्याची कायदेशीर मुभा आहे. हे वाचून तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने त्याला जमीनधारणा सुधारणेसाठीच्या आपल्या संघटनेत बोलावले, आणि १८८१ मध्ये जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी जी संस्था निघाली तिचा वॉलेस पहिला अध्यक्ष झाला.

"म्हणजे शेवटी सरकारच जमीनदार," वकीलसाहेब म्हणाले. "मिनाहासातही सरकारच मालक होते. फरक काय राहिला?" मैत्रिणीने वॉलेसची १८८२ची योजना सांगितली: जमीन राज्याची, पण घर, कुंपण, विहीर, खतावलेली माती हे सगळे कसणाऱ्याच्या मालकीचे, आणि ते त्याने हव्या त्या माणसाला हव्या त्या किमतीला विकावे. मिनाहासातल्या शेतकऱ्याला कॉफी विकायला गिऱ्हाईक एकच होते आणि दर ठरवणाराही तोच. अण्णांनी विचारले, की मग हाच फरक वॉलेसला १८५९ मध्ये का दिसला नाही. मैत्रिणीचे मत पडले, की तेव्हा तो पाहुणा होता; माझे मत असे, की त्या जमिनीची मोजणी त्याने स्वतः कधी केली नव्हती; आणि वकीलसाहेबांनी दोन्ही उत्तरे पुराव्याअभावी फेटाळली.