अँटिबायोटिकची ‘सवय’ नेमकी कोणाला होते?

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार जणांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अँटिबायोटिक वारंवार घेतलं की शरीराला त्याची सवय होते, मग ते लागू पडत नाही, ज्यांनी फारसं घेतलेलं नाही त्यांनी काळजी करू नये, एक गोळी चालली नाही तर जास्त पॉवरची घ्यावी, बरं वाटताच बंद करावं म्हणजे सवय लागत नाही, आणि शेवटी, नवी औषधं येतच असतात. ऊठसूट गोळ्या खाऊ नका हा त्यातला सल्ला बरोबर आहे, पण त्यासाठी दिलेली कारणं जवळजवळ सगळी चुकली आहेत. कारण चुकलं की पुढचा निर्णयही चुकतो. मी प्रयोगशाळेत कल्चरच्या प्लेट, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेले जिवाणू, वाचण्याचं काम करते, त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवेना.

“शरीराला सवय होते.” झोपेच्या गोळीची सवय शरीराला होते, कारण ती गोळी आपल्याच पेशींवर काम करते. अँटिबायोटिकचा रोख आपल्या पेशींवर नसतोच. पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीचं बांधकाम अडवतं, म्हणून वाढता वाढता तो आतल्या दाबानं फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही. तेव्हा बदल घडतो तो जिवाणूत. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सगळं मनासारखं मिळालं तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, आणि प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल करताना कुठे ना कुठे चूक होण्याची शक्यता असते. लाखो-करोडो जिवाणूंत एखादी चूक औषधाला पुरून उरणारी निघते. औषधानं बाकीचे मेले की मोकळी झालेली जागा त्या एकाच्या पिल्लावळीची.

हार्वर्डमधल्या रॉय किशोनी यांच्या गटानं २०१६ मध्ये हे सगळ्यांना डोळ्यांनी दाखवलं. सुमारे चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एक अवाढव्य प्लेट. दोन्ही कडांना औषध अजिबात नाही, आणि मध्याकडे जाताना पट्ट्यापट्ट्यानं ते वाढत, साध्या जिवाणूला रोखायला पुरतं त्याच्या हजारपटीपर्यंत पोचलेलं. कडेला सोडलेले जिवाणू पसरत पहिल्या सीमेपाशी येऊन थबकतात. मग एखाद्या ठिकाणी एक ठिपका सीमा ओलांडतो आणि पंख्यासारखा पुढे पसरतो. पुढच्या सीमेवर पुन्हा तेच. अकरा-बारा दिवसांत ते हजारपट औषधाच्या पट्ट्यात वाढत होते. त्या प्लेटमध्ये माणसाचं शरीर कुठेच नव्हतं.

“मी कधी घेतलं नाही, मला सगळं लागू पडेल.” रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा, जिवाणू तयार होऊनच तुमच्याकडे येऊ शकतो: दुसऱ्याच्या हातावरून, पाण्यातून, रुग्णालयातल्या खाटेवरून. शिवाय जिवाणू आपली युक्ती फक्त मुलाबाळांना देत नाहीत. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी ते शेजाऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देतात. कोलिस्टिन हे दुसरं काही उरलं नाही की काढायचं औषध. त्याला निष्प्रभ करणारं एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचं २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झालं. डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही. कोलिस्टिन तिथे जनावरांच्या खाद्यात वापरलं जात होतं. ज्यानं त्याचं नावही ऐकलेलं नाही अशा माणसाच्या आतड्यातही असा जिवाणू असू शकतो.

या मुद्द्यात एक खरा कण आहे, तो नाकारणार नाही. अलीकडेच अँटिबायोटिक घेतलेल्या माणसाच्या आतड्यात, घशात, त्वचेवर रेझिस्टंट जिवाणूंचं प्रमाण काही काळ वाढलेलं असतं. म्हणून डॉक्टर विचारतात, “गेल्या तीन महिन्यांत कुठलं घेतलं होतं का?” पण तेव्हाही बदललेले असतात ते अंगावरचे पाहुणे.

“जास्त पॉवरची घ्या.” सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो. अँटिबायोटिक ही कमी-जास्त ताकदीची एकच वस्तू नाही. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम हे भिंतीवर घाला घालणारं एक कुटुंब. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला पकडतात, पण वेगवेगळ्या जागी. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमला अडवतं. सल्फाची औषधं जिवाणूला फोलेट हे जीवनसत्त्व बनवू देत नाहीत. आपण फोलेट अन्नातून घेतो, म्हणून वाचतो. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला मुळात भिंतच नसते. त्याच्या न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन दुप्पट दिलं काय आणि चौपट दिलं काय, तोडायला भिंत आणायची कुठून? विषाणूच्या सर्दीत तर यातलं कुठलंच लक्ष्य हजर नसतं.

‘६२५ची गोळी ५००पेक्षा भारी’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. त्या ६२५ मध्ये अमॉक्सिसिलिन ५००च मिलिग्रॅम असतं. उरलेलं १२५ क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड, जे स्वतः जिवाणू मारण्यासाठी नसतं. अमॉक्सिसिलिन तोडणारं एन्झाइम जिवाणू सोडतो, त्या एन्झाइमला ते अडकवून ठेवतं. ज्याच्याकडे ते एन्झाइम नाही, त्याच्यासाठी हे जादा औषध निरुपयोगी. आणि एमआरएसए या रेझिस्टंट स्टॅफिलोकोकस जिवाणूनं तर औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच बदललेलं असतं, तिथे एन्झाइम अडकवूनही अमॉक्सिसिलिन चालत नाही.

औषध बदललं म्हणजे काम झालं, असंही नसतं. गळवाच्या पुवातून वाढलेला स्टॅफिलोकोकस प्लेटवर सारखा पसरवायचा, वर औषधाच्या कागदी डिस्क ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी चालणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं, न चालणाऱ्याच्या डिस्कला जिवाणू थेट भिडलेले असतात. कधी कधी एरिथ्रोमायसिन असं हरलेलं असतं आणि शेजारच्या क्लिंडामायसिनभोवती मोठं रिंगण असतं. वाटतं, हे द्यावं. पण नीट पाहिलं तर एरिथ्रोमायसिनच्या बाजूनं ते रिंगण चपटं झालेलं असतं, इंग्रजी ‘डी’सारखं. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागताच जिवाणू रायबोसोमवर एक रासायनिक खूण करतो, आणि त्या खुणेमुळे क्लिंडामायसिनलाही पकड मिळत नाही. दोन्ही औषधं वेगळ्या कुटुंबातली, तरी बसायची जागा जवळजवळ तीच. अशा वेळी रिंगण मोठं असूनही रिपोर्टवर क्लिंडामायसिनपुढे आम्ही ‘रेझिस्टंट’ लिहितो. स्वतःच्या मनानं गोळी बदलणाऱ्याला ही चपटी कड दिसणार कशी?

“बरं वाटताच बंद करा.” इथे मजकूर चुकतोच, पण त्याच्या उलट सांगितलं जाणारं ‘कोर्स लांब तितका चांगला’ हेही सरसकट खरं नाही. साध्या न्यूमोनियात बऱ्याच रुग्णांना पाच दिवस पुरतात असं अभ्यासांतून दिसलं आहे, आणि गरजेपेक्षा लांबलेला प्रत्येक दिवस आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर निवडीचा दबाव टाकतो, म्हणजे त्यांतले रेझिस्टंट तेवढे मागे ठेवतो. क्षयरोगाचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. १९४०च्या दशकात एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी सुधारले आणि मग अनेकांत रेझिस्टंट क्षयजंतू उभे राहिले. दुसरं औषध जोडल्यावर ते आटोक्यात आलं, म्हणूनच आज अनेक औषधं एकत्र आणि बहुधा सहा महिने. खोकला दुसऱ्या महिन्यात थांबला म्हणून गोळ्या सोडणं तिथे जिवावर बेततं. दिवस किती, हे आजार आणि जंतू पाहून ठरतं. डॉक्टरांना विचारा, “कमी दिवसांत भागेल का?” हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

“नवी औषधं येतच असतात.” पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं, पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागण्याच्या आधी. बहुतेक अँटिबायोटिक्स मातीतल्या सूक्ष्मजीवांकडूनच आलेली, तेव्हा त्यांवरचे तोडगेही तितकेच जुने. न्यू मेक्सिकोतल्या लेचुगुइया गुहेचा जो भाग सुमारे चाळीस लाख वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेला होता, तिथल्या जिवाणूंतही रेझिस्टन्स सापडला. मग निसर्गानं कधी न पाहिलेलं औषध बनवलं तर? लिनेझोलिड तसं होतं, पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेलं आणि नव्या कुटुंबातलं. ते २००० मध्ये वापरात आलं. त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस एका रुग्णात सापडल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.