वॉट मोजा, कान झाका

ठाण्यात घोडबंदर रोडला वनबीएचकेचा ताबा मिळालाय, मॉड्युलर किचनवाल्याचा शेवटचा हप्ता गेलाय आणि तरीही ३०,००० रुपये उरलेत. म्हणजे आता घरात ‘म्युझिक सिस्टिम’ हवीच. अशा वेळी फार विचार करत बसू नये. दुकानात जावं आणि ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा असेल ते उचलावं.

‘१०,००० वॉट पीएमपीओ’ असं चंदेरी अक्षरांत दिसलं की डोळे मिटून घ्या. पीएमपीओ, म्हणजे क्षणभर निघू शकणारी म्हणे कमाल ताकद, ती मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे तो आकडा कधी खोटाही पडत नाही. फक्त त्यासोबत येणारा अडॅप्टर उलटा करून बघू नका. त्यावर १२ व्होल्ट, ३ अँपिअर असं काहीतरी असतं. बारा त्रिक छत्तीस. भिंतीतून ३६ वॉट येतात, त्यातलेही काही नुसतेच तापण्यात जातात. उरलेले ९,९६४ श्रद्धेतून निघतात.

स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी ८८ डीबी’ अशी एक ओळ असते, तीही वगळा. तिचा अर्थ, एक वॉट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल, म्हणजे चांगलाच मोठा आवाज. म्हणजे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये गाणी ऐकताना बराच वेळ एक-दोन वॉटमध्येच भागतं. ५० च्या जागी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर आणला तर जास्तीत जास्त आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला ‘जरासा’. पण पाहुण्यांना कान दाखवता येत नाहीत, वॉट दाखवता येतात.

पैशांची वाटणी अशी करा: १८,००० ॲम्प्लिफायरला, कारण त्याला निळे दिवे असतात, ७,००० वायरींना, कारण त्या सापासारख्या जाड दिसतात, आणि उरलेल्यात स्पीकर, शक्यतो ‘ऑफरमध्ये’. निम्मे पैसे सरळ स्पीकरवर घाला, दोन चॅनेलचा साधा ॲम्प्लिफायर घ्या आणि फाइव्ह पॉइंट वनच्या (पाच स्पीकर आणि बासचं एक खोकं) नादी लागू नका, असं सांगणारे अरसिक लोक भेटतील. त्यांचं म्हणणं, तेवढ्याच पैशांत सहा खोकी घेतली की प्रत्येक खोकं सहाव्या हिश्श्याचंच असणार. हिशेब बरोबर आहे, म्हणूनच ऐकू नका.

शोरूममध्ये स्वतःचं, शंभरदा ऐकलेलं गाणं चुकूनही नेऊ नका. बाईचा आवाज, तानपुरा, तबल्यातला बायाँ यांत स्पीकरचं बिंग लगेच फुटतं. सेल्समनच्या पेनड्राइव्हवरचं धडाम-धुडूमच ऐका. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगू नका. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हे सेल्समनला तुमच्या आधीपासून माहीत आहे.

जुना माल घेणार असाल तर अंधारात बघा. वूफरच्या (बास काढणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) कडेचा फोम आपल्याकडच्या दमट हवेत पाव भिजावा तसा होतो, बोटाने हळूच दाबला तर चुरा पडतो. म्हणून दाबू नका. व्हॉल्यूमचं बटणही फिरवून बघू नका, उगाच खरखर ऐकू यायची.

वायरीसाठी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून पायी. घरात दोन-तीन मीटर लांबीला १६ गेजची तांब्याची वायर भरपूर होते, तेव्हा ती मागूच नका. स्वस्तातली लालसर वायर घ्या. तिची एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरं दिसतं: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा हिचा रोध बराच जास्त. घरी येऊन टोकं दाताने सोला आणि दोन-चार तारांचे केस बाहेर राहू द्या. लाल टर्मिनलचा एक केस काळ्याला टेकला की चांगला ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो. वाईट ॲम्प्लिफायर धूर काढतो. निदान कारण तरी कळतं.

जोडताना एका स्पीकरला लालला लाल, दुसऱ्याला लालला काळं. याने काही जळत नाही, हीच तर मजा. फक्त एका स्पीकरचा पडदा पुढे आला की दुसऱ्याचा मागे जातो, दोघे एकमेकांचा बास खाऊन टाकतात आणि गाणारी बाई मधोमध उभी राहायची ती भिंतभर पसरते. आता बास कमी वाटतोय ना? मग सबवूफर घ्या. वायर उलटी करून बघायला पाच मिनिटं लागतात आणि तिचं बिल मिळत नाही.

मांडणी सौंदर्यदृष्टीने करावी. एक स्पीकर शोकेसवर, गणपतीशेजारी. दुसरा सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जमिनीवर. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्विटर (बारीक, उंच सूर काढणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला, मागे फूटभर मोकळी जागा, खाली सिमेंटच्या ठोकळ्यांवर कडप्प्याचा तुकडा, हे सगळं फारच स्वस्तात होतं. कोपऱ्यात बास फुगतो. दहा फुटांच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झला भिंती स्वतःच घुमू लागतात. चकचकीत टाइल्सवर सतरंजी टाकू नका, खिडकीला जाड पडदा लावू नका. घुमणं टिकलं पाहिजे. खालच्या काकू वर आल्याच तर त्यांना वॉट सांगा. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ते त्या तुम्हाला सांगतील.

हौस म्हणून रेकॉर्ड प्लेअर आणलात तर फोनो प्रीॲम्पशिवाय (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या डबीशिवाय) थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्स सॉकेटमध्ये खुपसा. साधारण मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकवाल्या) सुईतून पाचेक मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो; वर रेकॉर्ड बनवताना बास मुद्दाम कमी केलेला असतो, तो परत वाढवायचं कामही त्या प्रीॲम्पचंच. तो नसला की सगळं डबड्यात गायल्यासारखं बारीक ऐकू येतं. त्याला ‘जुन्या काळचा आवाज’ म्हणा.

दोन महिन्यांत कंटाळलात की सोसायटीच्या ग्रुपवर टाका: ‘जवळजवळ नवीन, खोक्यासकट, बास थोडा कमी.’ ऐरोलीहून कुणीतरी येईल, खोक्यावरचा आकडा वाचेल, पैसे देईल. वायरी मात्र सोडवू नका. एकीकडे लाल-लाल, दुसरीकडे लाल-काळं, तशाच द्या.