नुसती नावे ओरडण्यात कौशल्य कसले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील घोडागाड्यांच्या शर्यती आणि त्यांचे निवेदक यांच्यावर मी गेल्या महिन्यात जो लेख लिहिला, त्यावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्या वाचनात तिच्यातला निम्मा भाग मान्य करावा लागणार हे लक्षात आले, आणि म्हणून उत्तराला आठ दिवस लागले. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: शर्यत पडद्यावर दिसत असताना आठ-दहा घोड्यांची नावे ओरडून सांगण्यात कौशल्य कसले, नागपुरात बसून परदेशी निवेदकाचे गोडवे गाणाऱ्या माणसाने आपल्या शंकरपटावरील, म्हणजे विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीवरील, निवेदकाला ‘भोंग्यावरचा गोंधळ’ अशा दोन शब्दांत का निकालात काढावे, हा निवेदक शेवटी जुगाराच्या धंद्याचाच नोकर नव्हे काय, आणि हे घोडे ‘चौखूर उधळतात’ असे लिहिणाऱ्याला या खेळातले काही कळते असे कसे मानावे.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझ्याजवळ कोणताही बचाव नाही. सल्की नावाच्या हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेला स्टँडर्डब्रेड जातीचा घोडा या शर्यतीत चौखूर उधळत नाही, त्याला उधळण्याची मनाईच असते. ट्रॉटर घोडा दुडकी चाल धरतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम टाकतो. पेसर घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, आणि ती लय टिकावी म्हणून त्याच्या पायांत बहुधा हॉबल नावाचे पट्टे अडकवलेले असतात. चाल मोडून घोडा चौखूर सुटला, तर चालकाला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते आणि तोवर बाकीचे पुढे निघून जातात. ज्या एका गोष्टीला या खेळात बंदी आहे, तिचेच मी कौतुकाने वर्णन केले होते. पशुवैद्यकीय खात्यात आयुष्य घालवलेल्या आपल्यासारख्या माणसाला ते खटकले नसते तरच नवल.

मात्र ही चूक मला निवेदकाच्या कामाकडेच परत घेऊन जाते. घोड्याची चाल मोडली हे सांगायला त्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ मिळत नाही. त्या घोड्यावर पैसे लावलेल्याच्या दृष्टीने शर्यत तिथेच संपलेली असते, आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत अचानक अडथळा उभा राहिलेला असतो. दुडकीची लय जराशी बिघडली आहे की खरोखर चाल मोडली आहे हे दूरवरून ओळखायचे, नाव चुकू द्यायचे नाही, आणि त्याच श्वासात आघाडीवर परत यायचे. सामान्य घोडदौडीच्या निवेदकाला ही कसरत करावीच लागत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. नुसती नावे ओरडणे एवढेच हे काम असते, तर मी आपल्याशी सहमत झालो असतो. या शर्यतीची सुरुवात कशी होते ते आधी पाहू. एका मोटारीला दोन्ही बाजूंना लांब फाटके पंखांसारखी लावलेली असतात. घोडे त्या फाटकामागे ओळीने चालत येतात, मोटार वेग वाढवत जाते आणि प्रारंभरेषेवर पंख मिटून निघून जाते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट रेसवेवर ही फिरती फाटके आली. त्यापूर्वी घोडे एका रेषेत येईपर्यंत सुरुवात पुन्हा पुन्हा करावी लागे आणि प्रेक्षक कंटाळून जात. फाटक मिटले की सगळ्यांना आतल्या कठड्यालगतची जागा हवी असते, कारण वळणावर बाहेरून जाणाऱ्याला जास्त अंतर कापावे लागते. पुढच्या काही सेकंदांत जी रांग लागते, तिच्यावर निम्मी शर्यत ठरते.

आघाडीवाल्याच्या बरोबर पाठीमागे असलेल्या घोड्याला वारा लागत नाही, तो आरामात असतो, पण त्याला बाहेर पडायला वाटच मिळेना तर तीच जागा कोंडवाडा होते. त्याच्या शेजारून, बाहेरच्या बाजूने, पुढे कोणाचाही आडोसा नसताना धावणारा घोडा वारा अंगावर घेतो आणि प्रत्येक वळणावर काही हात जास्त पळतो; त्याच्या मागे लपून येणारा मात्र शेवटच्या टप्प्यासाठी दम राखून ठेवतो. एक मैलाची शर्यत, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर, आणि वेळ दोन मिनिटांच्या आतबाहेर. एवढ्या वेळात कोण आडोशाला आहे, कोण उघडा पडला आहे, कोण कोंडला आहे, हे निवेदक सांगत असतो. नावे हा केवळ त्याचा कच्चा माल आहे.

त्यातच तो दर पाव मैलाची वेळ सांगतो. पहिला पाव मैल २६ सेकंदांत झाला असे त्याने म्हटले की जाणकार ऐकणारा समजतो, पुढे असलेले लवकर दमणार आणि मागून येणाऱ्यांचे फावणार. तोच आकडा २९ असेल तर पुढच्याने चलाखीने दम वाचवला आहे आणि आता त्याला गाठणे कठीण आहे. चांगला निवेदक हे स्पष्टीकरण देत बसत नाही, तो आकडा सांगतो आणि पुढे जातो. न्यू जर्सीतील मेडोलँड्सच्या मैदानावर १६ जुलै २०२२ रोजी बुलडॉग हॅनोव्हर या पेसरने एक मैल १ मिनिट ४५ सेकंद आणि चार पंचमांश सेकंदात पार केला, ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या वेगाने. १ मिनिट ४६ सेकंदांच्या आत शर्यत पूर्ण करणारा तो पहिला घोडा. अशा शर्यतीत प्रत्येक पाव मैलाचा आकडा हीच बातमी असते, आणि आकड्यावर आवाज किती चढवायचा हा सर्वस्वी निवेदकाच्या विवेकाचा प्रश्न असतो.

स्मरणशक्तीबद्दल मी मूळ लेखात भरभरून लिहिले होते. आता वाटते की त्याहून विस्मरणशक्तीबद्दल लिहायला हवे होते. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर स्वार घोड्याच्या मालकाचे रंग घालतो, त्यामुळे रंग आणि घोडा यांची सांगड राहते. अमेरिकेतील घोडागाडीचा चालक मात्र स्वतःचे रंग घालतो आणि एकाच रात्री आठ-दहा शर्यतींत तोच सदरा घालून निरनिराळ्या घोड्यांमागे बसतो. पाचव्या शर्यतीत हिरव्या-पांढऱ्या सदऱ्यापुढे जो घोडा होता, तो सहाव्या शर्यतीच्या आधीच्या वीस मिनिटांत डोक्यातून पूर्ण पुसला गेला पाहिजे, नाहीतर ऐन वळणावर तबेल्यात परतलेल्या घोड्याचे नाव तोंडातून निघते.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. शाळेत शिकवत असताना मी बरीच वर्षे क्रीडादिनाला माइक धरला. एका वर्षी शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत सहा मुले एकाच निळ्या बनियानमध्ये होती आणि मी विजयी म्हणून ज्या मुलाचे नाव पुकारले, तो प्राथमिक फेरीतच बाद होऊन मैदानाबाहेर चणे खात उभा होता. त्याची आई टाळ्या वाजवत उभी राहिली. तो प्रसंग मला आजही सुखाने झोपू देत नाही, आणि तिथे तर फक्त सहाच नावे होती.

त्यात या घोड्यांची नावे म्हणजे वेगळाच ताप. पेनसिल्व्हेनियातील हॅनोव्हर शू फार्म्स या पैदास केंद्रातील बहुतेक घोड्यांच्या नावाच्या शेवटी ‘हॅनोव्हर’ असते, त्यामुळे एकाच शर्यतीत तीन-चार हॅनोव्हर असणे काही विशेष नाही. एकाच गावातले चार देशमुख एकाच पंगतीला बसले आहेत आणि वाढप्याने प्रत्येकाला नावाने हाक मारायची आहे, असे समजा.

‘पडद्यावर दिसतेच आहे’ या आपल्या म्हणण्याबद्दल एवढेच सांगतो की ते तितके दिसत नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सीतील संध्याकाळी सातची शर्यत आपल्याकडे पहाटे साडेचारला असते, आणि मी ती कधी आवाज बंद करून (घरचे झोपलेले असतात), कधी कानात यंत्र घालून पाहतो. आवाज बंद असला की मैदानाच्या पलीकडच्या बाजूला सगळे घोडे एकमेकांवर चिकटवल्यासारखे दिसतात. कोण आत, कोण बाहेर, दोघांत अंतर किती, हे कॅमेरा एका बाजूने पाहत असल्यामुळे कळतच नाही. कठड्यालगत लपलेला घोडा तर कसलेल्या डोळ्यालाही चकवतो. २००९ सालच्या केंटकी डर्बीत, म्हणजे गाडीविना घोडदौडीत, माइन दॅट बर्ड हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा आतल्या कठड्याने वर आला, तेव्हा टॉम डर्किन यांच्यासारख्या मुरलेल्या निवेदकाच्याही तो उशिरा लक्षात आला. याच डर्किन यांनी २०११ साली या मोठ्या शर्यतींचे दूरचित्रवाणीवरील निवेदन सोडले आणि त्यामागे मनावरचा ताण हे कारण असल्याचे उघडपणे सांगितले. नुसत्या ओरडण्याचा एवढा ताण कोणी घेत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की निवेदक घोड्यापेक्षा चालकाचे हात अधिक पाहत असतो. आपल्या पटावरचा धुरकरी, म्हणजे बैलजोडी हाकणारा, जसा दोराच्या ओढीवरून ओळखू येतो, तसेच तिथेही लगाम आवळून स्वस्थ बसलेला चालक म्हणजे घोड्यात अजून बळ शिल्लक आहे. कित्येक घोड्यांच्या कानांत बोळे घातलेले असतात, आणि चालक शेवटच्या सरळ टप्प्यावर दोरी ओढून ते काढतो, म्हणजे एकदम कानावर आदळलेल्या कोलाहलाने घोडा चेतावा. बोळे निघाले की नाही हे निवेदक दुर्बिणीतून टिपतो आणि सांगतो. (निवेदकाचा आवाज घोड्याच्याही कानी पडतो, पण तो असा अगदी शेवटी, याची मला नेहमी गंमत वाटते.)

आता पटाकडे वळतो. ‘भोंग्यावरचा गोंधळ’ हे शब्द मी भंडाऱ्याकडील एका पटाच्या आठवणीवरून लिहिले होते, आणि ते अन्यायकारक होते. मला तिथे पट्टीवरील धावेचे वर्णन ऐकायला मिळाले नाही म्हणून मी निवेदकाला नापास केले. पण एक किंवा दोन जोड्या सरळ पट्टीवरून काही सेकंदांत निघून जातात आणि निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो, तिथे वर्णनाला जागाच कुठे आहे? पटाच्या निवेदकाची कला धावेच्या आधी आणि नंतर असते. जोडी कोणाची, कोणत्या गावची, मागच्या पटावर तिने काय केले, धुरकरी कोण, घड्याळ काय म्हणते, हे तो हातात कागद न घेता सांगतो. मधूनच देणगीदाराचे नाव, हरवलेल्या पोराचे वर्णन आणि रात्रीच्या झाडीपट्टी नाटकाची जाहिरात येते, आणि तरीही पुढची जोडी रेषेवर येण्याआधी गर्दी पुन्हा पट्टीकडे पाहू लागते. घोडागाडीच्या निवेदकाला दोन मिनिटे भरायची असतात, पटाच्या निवेदकाला अख्खा दिवस. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मधली साडेसात वर्षे हे लोक गप्प होते, तरी परतल्यावर त्यांना जोड्यांची वंशावळ पाठ होती, हे आपणच लिहिले आहे. त्या वाक्यापुढे मी निरुत्तर झालो.

मात्र परदेशी निवेदकाचा आपल्याशी संबंध काय, हा प्रश्न मला पटत नाही, कारण त्याचे मूळही जत्रेतच आहे. ओहायोतील डेलावेअर येथे १९४६ पासून होणारी लिटल ब्राउन जग ही पेसर घोड्यांची मानाची शर्यत कोणत्याही झगमगीत मैदानावर होत नाही. ती तालुक्याच्या शेतकी जत्रेत, अर्ध्या मैलाच्या वर्तुळावर होते. प्राथमिक फेऱ्या आणि अंतिम शर्यत एकाच दिवशी होतात आणि लोक आधीपासून कठड्यालगत आपापल्या खुर्च्या बांधून ठेवतात. त्या शर्यतीचा आवाज म्हणून ओळखले जाणारे रॉजर ह्यूस्टन यांनी कारकिर्दीत दीड लाखाहून अधिक शर्यतींचे निवेदन केले. त्यांचे निवेदन ऐकताना मला जत्रेतला, गावाला नावाने ओळखणारा माणूसच ऐकू येतो. आपल्याला ते ऐकून पटावरचा माणूस आठवेल, अशी माझी अटकळ आहे.

जुगाराबद्दलचा आक्षेप खरा आहे. निवेदक मैदानाचा पगारी नोकर असतो आणि मैदान पैजेवर चालते, त्यात झाकण्यासारखे काही नाही. मला फक्त एवढेच दिसते की पैजेमुळे त्याच्यावर एक शिस्तही लादली जाते. आठव्या क्रमांकावर रखडणाऱ्या घोड्यावरही कोणीतरी दोन डॉलर लावलेले असतात, म्हणून त्याचेही नाव शर्यतीत दोन-तीनदा आलेच पाहिजे, आणि आवडत्या घोड्याकडे आवाज झुकता कामा नये. घोड्यांवर चालणाऱ्या चाबकाचा प्रश्न आपण ज्या अधिकाराने मांडला आहे, त्या अधिकाराने मी त्यावर बोलू शकत नाही. तो आपणच स्वतंत्रपणे लिहावा.

मूळ लेखातील ‘चौखूर उधळतात’ हे शब्द काढून तिथे ‘आपापली चाल न मोडता धावतात’ असे केले आहे. ‘भोंग्यावरचा गोंधळ’ हे वाक्य खोडलेले पण वाचता येईल असे ठेवले आहे, म्हणजे आपली प्रतिक्रिया कशावर होती ते नंतर येणाऱ्याला कळेल. आणि या हिवाळ्यात आपण ज्या पटाला जाणार आहात, तिथे मला सोबत न्यावे ही विनंती. माझ्याजवळ गाडी आहे, पेट्रोल माझे, आणि या वेळी मी धावपट्टीऐवजी मंचाजवळ बसेन.