हजारातल्या ऐंशी विड्या

निवडणूक झाली की आपल्याकडं एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अडाणी लोक आहेत हो, पाचशे रुपयांवर मत देतात." परवा ते एका चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे लिहितेय.

माझी आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या बोळात दर उंबऱ्याशी एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची. रात्री भिजवलेलं पान सकाळी पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला 1000. संध्याकाळी पिशवी घेऊन मालकाकडं माल जमा करायला जायचं आणि माझी शाळा सुटलेली असली की मीही तिच्या मागं.

तिथं तपासणारा माणूस कट्टे, म्हणजे विड्यांचे जुडगे, सोडून काही विड्या बाजूला फेकायचा. ही ढिली, ही वाकडी, ही छाट. कधी 60, कधी 80, सणाच्या तोंडावर 100 च्या वर. छाट म्हणजे बाद केलेली विडी. तिचे पैसे नाहीत आणि ती परतही नाही. मी सहावीत असताना एकदा न राहवून म्हणाले, "ही तर चांगली आहे की ओ." तो म्हणाला, "शाळा शिकूलालीस म्हणून मला शिकवतीस काय?" आईनं माझा दंड दाबला. त्यानं पुस्तकात आकडा टाकला, आईनं अंगठा उठवला. शेजारच्या तेलुगू मावशींनीही. त्यांना तर तो मराठीतला मजकूर कुणी वाचून दाखवला असता तरी पुरता कळला नसता.

पुढं कायदा शिकताना ग्रंथालयात बसून 1966 चा विडी कामगारांचा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे नियम वाचले. मालकानं साधारणपणे शंभरात अडीचहून जास्त विड्या छाट करायच्या नाहीत, असं त्यात होतं. कामगाराचा निष्काळजीपणा असेल तर पाचपर्यंत, तेही कारण लेखी नोंदवून. म्हणजे हजारात 25, फार तर 50.

वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला. 80 तून 25 गेले, रोजचे 55 उरले. वर्षाचे 300 दिवस धरले तर साडेसोळा हजार. वीस वर्षांत 3 लाख 30 हजार विड्या, म्हणजे 330 दिवसांचं काम. माझ्या आईनं एक अख्खं वर्ष फुकट राबून दिलं. कायदा झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या बाजूचा नियम ती कामाला लागण्याआधीपासून छापलेला होता, पण तो वाचता येणारा माणूस टेबलाच्या पलीकडं बसलेला होता.

त्या दिवसापासून अडाणीपणाला 'नशीब' म्हणणं मी सोडलं. कुणाला तरी त्यातून रोज पैसे मिळतात.

हे आजचं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. इंग्रज सरकार विरोधात होतंच, पण आपले जमीनदारही होते. शेतावर राबणारं पोर शाळेत गेलं तर राबायचं कुणी, ही काळजी. शाहू महाराजांनी मात्र 1917 साली कोल्हापूर संस्थानात तेच करून दाखवलं, तेव्हा जमत नव्हतं असं कुणी सांगू नये.

आणि आता? उजनी धरण भरलेलं असतं तरी आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. मग गल्लीत टँकर येतो आणि आपण त्या टँकरसाठी हात जोडतो. रेशन हा 2013 च्या कायद्यानं हक्क झाला, तरी बायका म्हणतात, "साहेबांनी दिलं." त्यांना तसंच सांगितलं जातं. हक्काची भीक झाली की देणाऱ्याला दर पाच वर्षांनी वसुली करता येते. पाचशेच्या नोटेला नावं ठेवण्याआधी हे बघा. पदवीवाल्यांनी तर जास्तच बघावं, कारण व्हॉट्सअपवर आलेलं न वाचता पुढं ढकलण्यात आम्हीच पुढं असतो.

आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी मुलांच्या घरची कन्नड समजून घेतली आणि पुस्तक त्या भाषेत आणलं, असं सांगितलं जातं. 2020 साली जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले. मला पुरस्कारापेक्षा ते भाषेचं मोठं वाटतं. आमच्या मावशींसाठी कुणी तो छाटीचा नियम तेलुगूत भिंतीवर लिहिला असता तर?

गेल्या महिन्यात गटाच्या कर्जाचा कागद घेऊन एक मुलगा घरी आला. सहा पानं, सगळी इंग्रजीत. "मावशी, इथं अंगठा द्या, बाकी मी भरतो." आई म्हणाली, "लेक येऊ दे." तो म्हणाला, सगळ्यांनी दिलाय. आई म्हणाली, "मग सगळ्यांना बोलाव, ती सगळ्यांनाच वाचून दाखवील."

त्या रात्री आमच्या खोलीत अकरा बायका बसल्या होत्या. तिसऱ्या पानावर विम्याचा हप्ता निघाला, जो त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. दोघींनी तिथंच डोक्याला हात लावला, त्यांचा अंगठा आधीच उठला होता.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी आईकडंच असते. बोळातल्या कुणाकडं कसलाही कागद असेल, बँकेचा, गटाचा, रेशनचा, तर घेऊन या. अंगठा उठवायच्या आधी या.