टॉमी डग्लस यांनी तिजोरी बुडवली नव्हती

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: 'कॅनडात एका पाद्र्याने सत्तेत येऊन लोकांना फुकट उपचार वाटले, प्रांताची तिजोरी बुडवली, डॉक्टरांना सरकारी नोकर केलं. वर हाच माणूस दुबळ्यांची नसबंदी करा म्हणत होता.' रोख टॉमी डग्लस यांच्यावर आहे. वेबर्नच्या बॅप्टिस्ट चर्चचे हे धर्मोपदेशक १९४४ साली सस्कॅचेवन प्रांताचे प्रमुख झाले.

'फुकट' इथेच पहिली चूक. १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालय विमा सुरू झाला, तो वर्गणी घेऊन: माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला फार तर ३०. लहानपणी डग्लस यांचा पाय हाडाच्या विकाराने कापायची वेळ आली होती. विनिपेगमधल्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवता येईल म्हणून पैसे न घेता शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. कुणाचा पाय वाचणं असं नशिबावर सोडायचं नाही, ही जिद्द तिथली.

तिजोरीचा आरोप तर साफ उलटा आहे. दुष्काळ आणि मंदीने पिचलेला, कर्जात बुडालेला प्रांत त्यांच्या हाती आला. अर्थमंत्री क्लॅरन्स फाइन्स वर्षामागून वर्ष शिलकी अंदाजपत्रक मांडत गेले आणि कर्ज उतरलं. डॉक्टरांच्या फीचा विमा आणायची घाईही केली नाही. १९५८ मध्ये रुग्णालयांच्या खर्चातला वाटा केंद्र सरकार उचलू लागलं, हात मोकळा झाला, त्यानंतरच पुढची घोषणा झाली.

ती योजना १ जुलै १९६२ ला लागू झाली तेव्हा डग्लस पदावर नव्हतेच. नव्या पक्षाचं नेतृत्व करायला ते केंद्रात गेले होते. योजनेविरुद्धचा डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप झेलला तो त्यांच्या जागी प्रांतप्रमुख झालेल्या वुड्रो लॉइड यांनी, आणि या माणसाचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. दवाखाना त्यांचाच राहिला, तपासणीमागे फीही राहिली, फक्त बिल विम्याकडे जाऊ लागलं.

नसबंदीचं मात्र खरं आहे. १९३३ च्या प्रबंधात डग्लस यांनी तशी शिफारस केली होती. ती अमानुष होती, आणि 'तेव्हा सगळेच असं म्हणत' एवढ्याने ती सुटत नाही. पण मजकूर पुढचं गाळतो. शेजारच्या अल्बर्टात १९२८ पासून नसबंदीचा कायदा होता, तो १९७२ पर्यंत चालला. सस्कॅचेवनमध्ये डग्लस प्रमुख होते, सुरुवातीला आरोग्यखातंही त्यांच्याचकडे होतं, तरी तसा कायदा त्यांनी आणला नाही.